आकडा कोण अडवू शकतो?

(आपल्या मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलताना राहून गेलेले काही तपशील लिहिताना घातले आहेत, आणि प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न जिथे शोभतो तिथेच घेतला आहे.)



संयोजकांनी या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. पीएच.डी.पासून आजपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षे, प्रयोगशाळेत मोजमापे करणे हा माझा धंदा. आमच्याकडे एखादी राशी मोजली की तिच्यापुढे 'अधिक-उणे इतके' असे लिहावेच लागते. न लिहिता निबंध पाठवला तर तो परत येतो, आणि तसा तो माझाही एकदा आलेला आहे. तेवढ्या शिदोरीवर आज बोलते आहे.

निमित्त सांगते. २०२५ च्या डिसेंबरात आम्ही पाचसहा कुटुंबे एका घरी जेवायला जमलो होतो. नुकताच भारताच्या जीडीपीचा तिमाही आकडा आला होता, ८.२ टक्के वाढ. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अहवालात भारताच्या राष्ट्रीय लेख्यांना 'सी' श्रेणी दिल्याची बातमी होती. श्रीखंडाच्या वाट्या हातात येईपर्यंत दोन तट पडले. एक म्हणे, हेवा वाटतो म्हणून सी देतात. दुसरा म्हणे, सगळे आकडे बनावट. नाणेनिधीचे ते पान त्या खोलीत कोणीही वाचलेले नव्हते, मीही नाही. एका बाबतीत मात्र दोन्ही तटांचे एकमत होते, की इंग्लंडचे आकडे काही असले तरी पक्के असतात.

मी सुरुवात तिथूनच करते, कारण आपण ज्या देशात राहतो, कर भरतो, त्याचे आकडे गेल्या काही वर्षांत चांगलेच डळमळले आहेत. आणि त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

२०२२ मध्ये कधीतरी आमच्या दारात एक पत्र पडले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे, म्हणजे ओएनएसचे. तुमच्या घराची श्रमशक्ती पाहणीसाठी निवड झाली आहे, कृपया भाग घ्यावा. मी ते दोन दिवस ओट्यावर ठेवले आणि मग पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकले. वेळ नव्हता, हे त्याचे कारण. सांख्यिकीवर व्याख्यान द्यायला मात्र आज वेळ आहे.

ही श्रमशक्ती पाहणी, लेबर फोर्स सर्व्हे, १९७३ पासून चालू आहे. ब्रिटनमधली बेकारी किती, काम करणारे किती, आजारपणामुळे कामाबाहेर किती, हे सगळे तिच्यावरून ठरते. २०१३ च्या सुमारास निवडलेल्या १०० घरांपैकी सुमारे ४८ घरे उत्तर देत. २०२३ च्या उन्हाळ्यात हा आकडा १५ च्याही खाली आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओएनएसने हात टेकले आणि या पाहणीवर आधारलेले बेकारीचे आकडे प्रसिद्ध करणे काही महिने थांबवले. सांख्यिकीच्या नियामक कार्यालयाने त्यांच्यावरचा मान्यतेचा शिक्काही काढून घेतला. फेब्रुवारी २०२४ पासून आकडे पुन्हा येऊ लागले ते 'विकसित होत असलेली आकडेवारी' असा बिल्ला लावून.

नमुना लहान झाला म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारेल. नुसता लहान झाला असता तर फारसे बिघडले नसते. अधिक-उणे वाढले असते एवढेच. खरी अडचण वेगळी आहे. उत्तर देणारे १५ आणि न देणारे ८५ सारखे नसतात. दुपारी घरी कोण असते? निवृत्त माणूस, आजारी माणूस. दर वर्षी घर बदलणारा भाडेकरू, दोन पाळ्या करणारी नर्स, नुकताच व्हिसावर आलेला संगणकवाला, हे सापडत नाहीत, किंवा माझ्यासारखे पत्र फेकून देतात. मग उत्तर दिलेल्यांच्या खांद्यावर न दिलेल्यांचे ओझे टाकावे लागते. वय, लिंग, प्रदेश पाहून प्रत्येकाला भार देतात. पण आजारी माणूस जास्त सापडतो ही गोष्ट वयावरून कशी दुरुस्त होणार? 'रिझोल्यूशन फाउंडेशन' या संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कर खात्याच्या पगारनोंदींशी ताळा घातला आणि म्हटले की २०१९ पासून या पाहणीतून सुमारे ९ लाख ३० हजार काम करणारी माणसे निसटली असावीत. ती एका मोठ्या शहराची वस्ती झाली.

याच पाहणीच्या भरवशावर इथे 'दीर्घ आजारामुळे २८ लाख लोक कामाबाहेर' असा गजर झाला आणि २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्यांवर कुऱ्हाड चालवायची चर्चा झाली. याच पाहणीकडे पाहून बँक ऑफ इंग्लंडला व्याजदर ठरवायचा असतो. ऑगस्ट २०२३ पासून वर्षभर तो ५.२५ टक्के होता. ज्यांच्या गृहकर्जाची जुनी मुदत त्या काळात संपली त्यांना वेगळे सांगायला नको. बँकेच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये जाहीरपणे तक्रार केली की श्रमबाजाराचे चित्रच आम्हाला धड दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगते. कोविडनंतर सावरण्यात ब्रिटन श्रीमंत देशांत सर्वात मागे, हे वाक्य आपण दोन वर्षे ऐकले. १ सप्टेंबर २०२३ ला ओएनएसने सांगितले की २०२१ ची वाढ ७.६ नव्हे, ८.७ टक्के होती. म्हणजे २०२१ च्या अखेरीस अर्थव्यवस्था कोविडपूर्व पातळीच्या १.२ टक्के खाली नसून ०.६ टक्के वर होती. त्या वाक्यावर जेवढे अग्रलेख लिहिले गेले ते काही परत घेता आले नाहीत. दुसरी गोष्ट एप्रिल २०२५ च्या महागाईची. सरकारकडून आलेल्या वाहनकराच्या माहितीत चूक होती, त्यामुळे दर ३.४ ऐवजी ३.५ टक्के छापला गेला. हा निर्देशांक एकदा छापला की बदलायचा नाही असा नियम आहे, म्हणून चूक कबूल करूनही आकडा तसाच ठेवला.

त्याच वर्षी जूनमध्ये सर रॉबर्ट डेव्हरो यांचा ओएनएसच्या कारभारावरचा अहवाल आला. पैसा कमी पडला, लोकांनी उत्तरे देणे सोडले, हे त्यात आहेच. पण मला टोचली ती दुसरी गोष्ट. त्यांच्या मते वरिष्ठांना अप्रिय बातमी ऐकून तिच्यावर हालचाल करण्याची सवय उरली नव्हती. खालचे लोक सांगत होते, वर पोचत नव्हते. कचेरी लंडनची असो नाहीतर लातूरची, ही कथा आपल्याला अनोळखी नाही.

तर पक्के आकडे कुठे गेले? मला विचाराल तर ते कधीच नव्हते. १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने सर डेरेक रेनर यांच्याकडून सरकारी सांख्यिकीची तपासणी करून घेतली. सरकारने माहिती गोळा करायची ती मुख्यतः स्वतःच्या कामापुरती, जनतेला पुरवण्यासाठी नव्हे, असे तत्त्व त्यातून निघाले. मग त्या दशकात आणि पुढे बेरोजगार कोणाला म्हणायचे याच्या व्याख्येत टीकाकारांच्या मोजणीप्रमाणे सुमारे ३० बदल झाले आणि बहुतेक सगळ्यांनी आकडा खालीच आणला. १९८२ मध्ये तर नोकरीसाठी नाव नोंदवणारे मोजायचे सोडून भत्ता घेणारेच मोजू लागले. भत्ता बंद केला की माणूस बेकारही राहत नाही, अशी ती सोय. लोकांचा विश्वास इतका उडाला की शेवटी २००७ मध्ये कायदा करावा लागला. एप्रिल २००८ पासून सांख्यिकी प्राधिकरण थेट संसदेला उत्तरदायी झाले. प्रसिद्धीच्या तारखा आधी जाहीर होतात. मंत्र्यांना आकडा आदल्या दिवशी बघायला मिळण्याची जी चाल होती, ती ओएनएसने १ जुलै २०१७ पासून आपल्या आकड्यांपुरती बंद केली. आता महागाईचा आकडा सकाळी ७ वाजता येतो.

मला या देशाकडून शिकण्यासारखे वाटते ते एवढेच. यांचे आकडे चुकतात, कधी लाजिरवाणे चुकतात. पण त्या दिवशी त्या वेळी तो आकडा बाहेर येणार की नाही, हे मंत्र्याच्या हातात नाही. आणि तो बिघडला तर 'बिघडला आहे' असा बिल्ला त्यावर लावण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवलेले आहे.

आता थोडे डाळीकडे वळू. समजा वेंबलीच्या एका दुकानात तूरडाळीची पिशवी २ पौंडांना आहे आणि शेजारच्या दुकानात ४ पौंडांना. पुढच्या महिन्यात पहिल्याने ४ केले, दुसऱ्याने २. गिऱ्हाईक म्हणून तुमच्यासाठी काही बदलले का? नाही. पण प्रत्येक दुकानातले गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेतली तर एकीकडे २, दुसरीकडे अर्धा, सरासरी १.२५. झाली २५ टक्के महागाई. तिसऱ्या महिन्यात भाव मूळ जागी आले तर पुन्हा २५ टक्के! दोन महिन्यांत ५६ टक्के महागाई, आणि डाळ होती तिथेच. हे कार्ली नावाचे सूत्र इथल्या जुन्या आरपीआय निर्देशांकात आहे. या दोषामुळे मार्च २०१३ मध्ये त्याची 'राष्ट्रीय सांख्यिकी' ही मान्यता रद्द झाली. तरीही विद्यार्थी कर्जाचे व्याज त्यावरूनच लावत राहिले, तर पेन्शन आणि भत्ते २०११ पासून त्याहून सहसा कमी भरणाऱ्या सीपीआयला बांधले. घ्यायचे तेव्हा मोठे माप, द्यायचे तेव्हा छोटे. आपल्याकडचे जुने सावकार याहून निराळे काय करीत? २०३० मध्ये आरपीआयची पद्धत बदलणार आहे, म्हणजे मान्यता गेल्यानंतर १७ वर्षांनी.

सरासरीचा असाच घोळ या शहरात बसून एका माणसाने पकडला होता. दादाभाई नवरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे आपले टिपण वाचले. त्यात सरकारी अहवालांवर त्यांचा एक आक्षेप असा आहे: जिल्ह्याजिल्ह्याचे धान्याचे भाव घेतात, बेरीज करतात आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागतात. कुठे किती पिकले याचा हिशेबच नाही. ज्या जिल्ह्यात मूठभर पिकते आणि ज्यात ढीगभर पिकते त्यांच्या भावाला सारखेच वजन. दादाभाईंनी मग सरकारचेच पेरा, उतारा आणि भाव यांचे आकडे घेऊन नीट गणित मांडले, आणि डोईमागे वर्षाला २० रुपये उत्पन्न काढले. सरकारला उत्तर देणे भाग पडले. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी २७ रुपये म्हटले, १९०१ मध्ये कर्झनने ३०. त्यांतला बरोबर कोणता, यावर आजही वाद घालता येईल. पण वाद घालता येतो तो मूळ आकडे छापलेले होते म्हणून. परक्या सरकारनेही ते छापले होते.

१८९७ साली नामदार गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला आले. वय ३०. त्यांच्या साक्षीतले आकडे तयार करण्यात रानड्यांच्या बरोबरीने गणेश व्यंकटेश जोशी या सरकारी शाळेतल्या शिक्षकाचे कष्ट होते. (हे सार्वजनिक काका नव्हेत, ते गणेश वासुदेव. मीही बरीच वर्षे घोटाळा करीत असे.) सरकारी नोकरीत राहून सरकारी अहवालांच्या रकाने-रकान्यांतून सरकारविरुद्ध पुरावा काढणारा हा माणूस आपल्या आठवणीत फारसा नाही. हीच वाट पुढे पुण्यात चालू राहिली. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'पॉव्हर्टी इन इंडिया' प्रसिद्ध केले, ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे खायला मिळेल इतकाही खर्च करता येत नव्हता, हे सरकारनेच गोळा केलेल्या आकड्यांतून त्यांनी दाखवले.

आता २०१७-१८ ला या. त्याच मालिकेतली कुटुंबखर्चाची पाहणी झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रात फुटलेल्या अहवालानुसार दरडोई मासिक खर्च, महागाई वजा जाता, २०११-१२ च्या १५०१ रुपयांवरून १४४६ वर आला होता, म्हणजे ३.७ टक्क्यांनी घटला होता. सरकारने माहितीच्या दर्जात दोष असल्याचे सांगून ती पाहणी प्रसिद्धच केली नाही. दोष असतीलही. मोजमापात दोष नसतो असे मी म्हणणारच नाही. पण दोष आहे तर तो दाखवा, आकडा आणि त्याखाली तळटीप असे दोन्ही द्या. ओएनएसने बेकारीचा आकडा थांबवला तेव्हा कारण, उत्तरे देणाऱ्यांचे प्रमाण आणि पर्यायी अंदाज सगळे मांडले. इथे दांडेकर-रथांच्या आजच्या वारसाला तपासायला काही ठेवलेच नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची, तिचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. अकरा वर्षे भारतात गरीब किती, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीचे होते.

त्याआधी बेकारीच्या अहवालाचे तेच झाले. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने तो डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केला. तो बाहेर येईना. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. मग 'बिझनेस स्टँडर्ड'ने ६.१ टक्के हा आकडा छापला. तो अजून मसुदाच आहे, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. निवडणूक झाली, आणि ३१ मे २०१९ ला अधिकृतपणे जाहीर झाला तो ६.१ टक्केच. आयोग २००६ पासून आहे, पण कायद्याचा आधार त्याला नाही. आकडा मंजूर करायचा अधिकार त्याचा, बाहेर काढायचा नाही.

इथे मला माझ्या मामांची आठवण येते. ते तलाठी होते, मराठवाड्यातल्या एका गावात. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते: पिकाची पैसेवारी नावाचा एक आकडा असतो. चांगले पीक म्हणजे १०० पैसे धरून यंदा किती पैसे पिकले, हे गावची समिती आधी नजरेने ठरवते, मग शेतातला मापाचा तुकडा कापून, मळून, तोलून बघतात. ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाई. मग शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांना परीक्षा फी माफ. वर राहिली तर काही नाही. २०१६ नंतर केंद्राच्या नियमावलीत पाऊस, जमिनीतली ओल आणि उपग्रहाची चित्रे यांवर भर आला, पण मामांच्या काळात सगळे या एका आकड्यावर होते. मामा सांगत, एका वर्षी गावाने ४६ लिहून पाठवले आणि वरून ५२ होऊन आले. कोणी केले, का केले, कुठेच लिहिलेले नव्हते. मामांना राग आकडा बदलल्याचा नव्हता. गावकरीही थोडे कमीच सांगतात, हे त्यांना माहीत होते. "दुरुस्ती करा, पण कोणी केली त्याची सही तरी ठेवा," असे ते म्हणत. शेतकऱ्यांना तोंड त्यांना द्यावे लागले होते.

आता त्या ८.२ आणि 'सी'कडे. मी नाणेनिधीचे ते टिपण नंतर वाचले. 'सी' म्हणजे काही उणिवा आहेत, त्यामुळे देखरेखीला काहीशी अडचण येते, असा त्याचा अर्थ. ती नापासाची श्रेणी नव्हे, 'डी' त्याखाली असते. बनावट असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. सगळी आकडेवारी मिळून भारताला 'बी' आहे. उणिवांपैकी एक समजावून सांगण्यासारखी आहे. आधी जीडीपी रुपयांत मोजतात, मग त्यातली भाववाढ वजा करतात. कारखान्याने काढलेल्या मालाची भाववाढ त्या मालाच्या किमतींवरून आणि लागलेल्या कच्च्या मालाची त्याच्या किमतींवरून अशी वेगवेगळी वजा करायला हवी. भारतात बऱ्याच ठिकाणी दोन्हीला एकच निर्देशांक लावला जाई, तोही घाऊक भावांचा. २०१४-१५ मध्ये तेल पडले तसे घाऊक भाव पडले. कारखानदाराचा कच्चा माल स्वस्त झाला, नफा फुगला, आणि वजा करायला भाववाढच नाही. म्हणून उत्पादन वाढल्याचे दिसले. यात कोणी कारस्थान केलेले नाही. भिंगच सदोष होते. दुसरी उणीव म्हणजे पायाभूत वर्ष २०११-१२ चेच होते. ते बदलून २०२२-२३ चे करण्याचे आणि निर्देशांकांची पद्धत सुधारण्याचे काम मंत्रालयाने २०२६ साठी जाहीर केले होते. माजी आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी २०१९ मध्ये लिहिले की २०११-१२ ते २०१६-१७ या काळातली वाढ ७ नव्हे, ४.५ टक्क्यांच्या आसपास असावी. त्यांच्या पद्धतीवरही बरेच आक्षेप आले आणि काही मला पटतातही. ४.५ हा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ७ च्या पुढेही अधिक-उणे लिहायला हवे, एवढे नक्की.

भारताच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे, ते पहिल्या तटासाठी सांगते. मे २०२५ पासून बेकारीचे आकडे दर महिन्याला येऊ लागले. तारखा आधी जाहीर होतात. पाहणीची घरवार माहिती कोणालाही उतरवून घेता येते, आणि भारतीय पाहणीवाले अजूनही दारात जाऊन बसतात. १०० पैकी ८५ घरे हातची जाण्याची इथल्यासारखी वेळ तिथे आलेली नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. महालनोबिसांनी घालून दिलेला तो वारसा आहे. शंका आहे ती त्यांनी केलेले काम दाराबाहेर येताना मध्ये कोण उभे असते याची. हा प्रश्न आता अमेरिकेलाही पडला आहे. १ ऑगस्ट २०२५ ला रोजगाराचा आकडा कमी आला, मागच्या दोन महिन्यांतून २ लाख ५८ हजार नोकऱ्या वजा झाल्या, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकले. ग्रीसमध्ये तर तुटीचा खरा आकडा मांडणाऱ्या आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्यावर वर्षानुवर्षे खटले चालले.

आपल्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रश्नोत्तरांत विचारले, की परदेशी पासपोर्ट घेतलेल्यांनी भारताच्या आकड्यांची चिरफाड कशाला करायची, बदनामीच होते ना? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर लिहून ठेवते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य द्यायचे आहे. हे टक्के कशाचे? जनगणनेतल्या लोकसंख्येचे. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडमुळे लांबली, मग लांबतच गेली, आणि आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० मध्येच हिशेब केला, की जुनी लोकसंख्या धरल्यामुळे १० कोटींहून अधिक लोक रेशनच्या बाहेर राहिले आहेत. त्यांनी कोणाची बदनामी केली असे मला वाटत नाही. मोजले न गेलेले ते मूल वेंबलीत नाही, पालघरात किंवा मेळघाटात आहे, आणि त्याला बैठकीत प्रश्न विचारता येत नाही.

तेव्हा पुढच्या जेवणाला कोणी आकडा फेकला तर मी तीन गोष्टी विचारणार आहे. याची तारीख आधी ठरली होती का? तो अडवण्याची ताकद कोणाकडे होती? आणि तो पूर्वीपेक्षा बदलला असेल तर खाली सही कोणाची आहे? श्रीखंड बहुधा मला वाढले जाणार नाही.

ते रद्दीतले पत्र मात्र राहिलेच. गेल्या वर्षी आम्हाला पुन्हा पत्र आले. या वेळी मी उत्तरे भरली. त्या आठवड्यात किमान एक तास तरी मोबदल्याचे काम केले का, असे विचारतात. एक तास केले तरी माणूस कामावर धरतात. मी हो लिहिले. मग एकूण किती तास केले, असा प्रश्न आला. प्रयोगशाळेचे ३७ ठरलेले, रात्री घरी बसून केलेले वेगळे, शनिवारी यंत्र बंद करायला गेले ते वेगळे. बराच वेळ मोजत बसले. शेवटी ४५ लिहिले. अधिक-उणे लिहायला त्यांनी जागा ठेवलेली नव्हती.